वजनवही

सकाळी साडेसातला पहिलं काम वजनाचं.
पिल्लू टॉवेलात, टॉवेल काट्यावर,
टॉवेलाचे दोनशे दहा वजा.
मी लिहिते : चौदाशे साठ.
काल तेराशे नव्वद होतं.
मग आई, लाल पट्टी. मग बाप, निळी पट्टी.
बापाच्या रकान्यात नऊ दिवस
आकडा उतरत चाललाय,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, एकेक पायरी.

राणीच्या बागेत बाहेर छत्तीस, आत सोळा.
लोक चिंचेखाली टोपीनं वारा घेतात,
मी स्वेटर घालून तारल्या मोजते.
गोळी कल्ल्यात दडवायची,
मासा डोक्याकडून द्यायचा,
काटे उलटे लागू नयेत.

बादली घरट्यापासून तीन पावलांवर.
तीन पावलांचा समुद्र,
तरी पाळी सुटत नाही त्यांची.
एक बसतो, एक जातो.
गेलेला परत आला की दोघं माना वर करून
गाढवासारखे रेकतात
आणि मगच जागा बदलतात.
कुणी शिकवलं नाही. दोघंही काचेतच जन्मले.

शिरोडकर मॅडम म्हणाल्या, खऱ्या समुद्रात
हिशेब कडक असतो.
किती लांब जायचं, स्वतःच्या अंगात किती मुरवायचं,
किती ओकायचं पिल्लाच्या चोचीत.
मासळी दूर सरकली की फेरी लांबते,
घरट्यावरचा वाळत जातो.
आणि अगदीच उपाशी वर्ष आलं
तर बसलेला उठतो,
अंडं तिथंच ठेवून पाण्याकडे चालू लागतो.
"ठेवून?"
"जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा होईल ना."
हातमोजा काढता काढता सहज बोलल्या.
मी बादली धूत राहिले, धुतलेलीच.

माझा मोरेश्वर अकरा दिवस पाण्यात आहे.
आधी नऊ वावांत मिळायचं म्हणतो,
आता पस्तीस वावांत जाळं टाकलं तरी चिखल.
डिझेल, बर्फ, मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा,
उरलेल्यात आम्ही तिघं.
फोन लागलाच तर दोन वाक्यं :
धनू जेवली का.
तू जेवलीस का.
पहिल्याला मी खरं उत्तर देते.

मॅडमनी सांगितलं म्हणून निळ्या पट्टीला
दाराआड वेगळं घेऊन भरवलं.
आठ तारल्या खाल्ल्या. निमूट.
घरट्यात गेला, आणि काही वेळानं
पिल्लानं चोच उघडली, यानं मान वाकवली.
काय राहिलं त्याच्यात, देव जाणे.
वहीत मी तरी लिहिलं : आठ.

त्या रात्री माझगावला, मॅगी आंटीकडून धनूला आणलं
आणि आधी माझं ताट वाढून घेतलं.
भात, जवळ्याची चटणी, मांडी घालून.
एरवी मी जेवते म्हणजे
तिच्या हनुवटीवरची खिमट बोटानं पुसते, ते चाटते.
ती रडायला लागली. भिंतीपलीकडचा टीव्ही बारीक झाला.
तीन घास. चार.
पाचवा अडकला,
तोही गिळला, डोक्याकडून.

रविवारी पहाटे बोट भाऊच्या धक्क्याला लागली.
दाढी वाढलेली, गालांत खड्डे.
धनूनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं.
त्यानं फळीवरूनच नेहमीची हाळी दिली,
अर्ध्या धक्क्यानं वळून पाहिलं असेल,
आणि हिची मान वर.

लिलाव उरकला होता, काटा रिकामा लटकत होता.
त्यानं तिला पाटीत बसवून आकड्याला अडकवलं.
"नऊ किलो आठशे!"
"पाटी वजा कर," मी म्हटलं.
मग म्हटलं, "आता तू. तिकडचा मोठा काटा आहे, चढ."
तो हसला. खिशातून काहीतरी शोधायला लागला,
विडी असेल, नसेलही.
चढला नाही.

मग त्यानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.
मीही चढले नाही.